आपल्या भावना आम्ही समजू शकतो

नमस्कार. कृपया लाइनवर राहा. थेट माझ्या फजितीकडे जायचं असेल, तर क्षमस्व, तशी सोय नाही. इथं सगळ्यांना सुरुवातीपासूनच यावं लागतं.

समोरच्याला त्याची चूक अशी दाखवायची की त्यानं उलट आपलेच आभार मानावेत, ही एक कला आहे आणि ती मला उपजत आहे. बायकोचं म्हणणं, यातला पहिला अर्धा भाग उपजत आहे, दुसरा अजून कुणी पाहिलेला नाही. बायकोच्या मताचा मी आदर करतो. आदर करायचा आणि पुढं जायचं, हे मी नोकरीत शिकलो.

नोकरी म्हणजे कपडे धुण्याची मशिनं बनवणाऱ्या कंपनीचा तक्रार विभाग. मी त्याचा प्रभारी विभागप्रमुख. ‘प्रभारी’ हा शब्द कसा आहे सांगू? दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा. अंगात बसतो, दिसतोही बरा, पण खिशात हात घालायची हिंमत होत नाही. माझ्या दारावरच्या पाटीवर तो शब्द इतक्या ठळक रंगात आहे की विभागप्रमुख त्याच्यामागं लपून बसल्यासारखे वाटतात.

एका सोमवारी वरच्या साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, “तुमच्या पाटीवरचं ते प्रभारी खरवडून टाकावं म्हणतोय.”

मी खुर्चीत जरा मागं टेकलो.

“पण एक आहे. तुमचे ग्राहक समाधानी आहेत. फोन ठेवताना प्रत्येक जण समाधानी असतो. फक्त तोच माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करतो आणि पुन्हा समाधानी होतो. हे सारखं सारखं समाधानी होणं मला काही ठीक वाटत नाही. तुमच्या माणसांना जरा विधायक अभिप्राय द्या. शुक्रवारपर्यंत. तिघांनाही. त्यांनी तो मनापासून मान्य केला, की पाटीचं बघू. नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल.”

मी टेकलेला होतो तो सरळ झालो.

*आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तोवर आमच्या प्रतिनिधींची ओळख करून घ्या.*

प्रतिनिधी तीन.

मावशी. वयानं माझ्याएवढ्याच, पण वृत्तीनं साऱ्या जगाच्या मावशी. ग्राहक म्हणतो, तुमच्या मशीननं माझा शर्ट फाडला. मावशी म्हणतात, “अरे देवा! कुठला रे? नवीन होता?” मग तो शर्ट कुणी दिला होता, कधी दिला होता, देणारी आता कुठं असते, इथपर्यंत गाडी जाते. शेवटी मावशी म्हणतात, “खरं सांगू का, मी तुझ्या जागी असते ना, तर हे मशीन घेतलंच नसतं.” ग्राहकाचे डोळे भरून येतात. फोन बंद. समाधानी.

वकील. कायद्याचं एकही पुस्तक त्यानं उघडलेलं नाही, पण वाद घालायला बसला की समोरचा आरोपी होतो. “मोजा हरवला म्हणता. मशीनमध्ये दोन टाकले होते, हे कुणी पाहिलं? तुम्ही स्वतः? चष्मा होता का?” थोड्या वेळात ग्राहकाला स्वतःला पाय किती आहेत याचीच शंका येते. तक्रार मागं. समाधानी.

आणि मौनी. मौनी फोन उचलतो आणि गप्प बसतो. ग्राहक ओरडतो. मौनी गप्प. ग्राहक आणखी ओरडतो, मग दमतो, मग म्हणतो, “हॅलो? आहात ना?” मौनी म्हणतो, “आहे.” एवढंच. त्या एका ‘आहे’मध्ये काय असतं कुणास ठाऊक, पण थोड्या वेळानं ग्राहकच म्हणतो, “जाऊ द्या हो, माझंच काहीतरी चुकत असेल. तुम्ही जेवलात का?”

असा माझा संघ. यांना मी सुधारणार होतो.

मनुष्यबळ विभागाच्या बाई मला नियम समजावायला आल्या. या बाई कायम धावपळीत. त्या दिवशीही उशिरा आल्या, चपला ओल्या होत्या आणि चालताना पचपच वाजत होत्या. मला विचारावंसं वाटलं, पण अभिप्राय देण्याच्या तयारीत असलेल्या माणसानं आपली ऊर्जा चपलांवर घालवू नये.

“अभिप्राय बंद खोलीत द्यायचा,” बाई म्हणाल्या. “माणूस आत जाताना होता त्यापेक्षा बाहेर येताना जास्त खूश दिसला पाहिजे.”

“आणि चूक?”

“चूकही कळली पाहिजे.”

“दोन्ही एकदम?”

“म्हणून तर विधायक म्हणतात.”

मी बैठकीची खोली मागायला गेलो. ती फक्त विभागप्रमुखांना मिळते, प्रभारींना नाही. म्हणजे खोली मिळायला प्रमुख व्हायला हवं, प्रमुख व्हायला अभिप्राय द्यायला हवा आणि अभिप्राय द्यायला खोली हवी. खोल्या वाटणाऱ्या कारकुनाला मी ही गंमत समजावून सांगितली. तो म्हणाला, “हो, असं होतं खरं,” आणि पुन्हा चहा प्यायला लागला.

माझ्या खोलीचं दार नीट लागतच नाही. आमच्या मजल्यावर दार लागणारी एकच दुसरी खोली होती. चाचणीची. तिथं जमिनीला पक्की केलेली मशिनं अखंड चालू असतात, बिघडेपर्यंत. ती बंद करता येत नाहीत. मी म्हटलं, चालेल. घरी याहून जास्त आवाजात मी निर्णय घेतलेले आहेत.

*सल्ल्यांसाठी काहीही दाबू नका. ते आपोआप येतात.*

शेजारचे डॉक्टर दातांचे. जिन्यात भेटले, म्हणाले, “सोपं आहे. आधी भूल द्या. भरपूर स्तुती करा, अगदी गाल जड होईपर्यंत. मग हळूच काम उरकून घ्या. कळतसुद्धा नाही.”

सासरे निवृत्त झालेत, पण हयातभर त्यांनी लोकांना मोटार शिकवली. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असलेली गाडी होती त्यांची. आयुष्यातही ते त्याच बाजूला बसतात. फोनवर म्हणाले, “जावईबापू, शिकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. तो घाबरतो, गाडी खांबावर जाते. शेजारी बसायचं, समोर रस्त्याकडं बघायचं आणि बोलायचं.”

भूल देण्याचा सराव मी घरीच करायचं ठरवलं. बायको चादरीच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, “तू ना, खरंच फार गुणी आहेस. किती नीटनेटकी, किती समंजस.”

तिनं घडी खाली ठेवली.

“काय फोडलंस ते आधी सांग.”

सराव तिथंच संपला.

मंगळवारी मावशींना चाचणीच्या खोलीत नेलं. भूल द्यायला सुरुवात केली. म्हटलं, मावशी, तुमचा आवाज म्हणजे या विभागाचा कणा. तुमच्यासारखा जिव्हाळा मी कुठं पाहिला नाही. तुम्ही नसता तर लोक मशीन उचलून इथं घेऊन आले असते. बोलता बोलता मलाच ते सगळं खरं वाटायला लागलं. मावशींचे डोळे पाणावले, त्या म्हणाल्या, “साहेब, इतक्या वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं हो.” आता अशा बाईच्या दातात कोण हात घालणार? तरी मी घातला. म्हटलं, “फक्त ते ‘मी मशीन घेतलंच नसतं’ हे वाक्य जरा...”

“ते ना? ते मनापासून येतं हो!”

“तेच. तेच तर. मनापासून.”

भूल चढली होती. मला.

मावशी बाहेर गेल्या आणि त्यांनी केक मागवला. केक कापताना सांगितलं, “साहेब म्हणाले, माझं बोलणं म्हणजे विभागाचा कणा.” त्या दुपारी वकिलानंही एका ग्राहकाला सांगून पाहिलं की मीसुद्धा हे मशीन घेतलं नसतं. ग्राहकानं पैसे परत मागितले. वकील मला म्हणाला, “साहेब, आदेश तुमचा, परिणाम तुमचा.”

केक चांगला होता, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

बुधवारी वकील. सासऱ्यांची पद्धत. चाचणीच्या खोलीत आम्ही दोन स्टुलांवर शेजारी शेजारी बसलो आणि समोरच्या मशीनच्या गोल काचेकडं बघत राहिलो. आत एक हिरवा टॉवेल गोल फिरत होता. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोन माणसं सिनेमाला आलीत असं वाटलं असतं.

हा संवाद मी जसाच्या तसा देतो, कारण त्याचं माझ्याच्यानं काही करवत नाही.

मी: तुम्ही फार वाद घालता, असं दिसून आलंय.

वकील: कुणाला दिसून आलंय?

मी: मला.

वकील: बघितलंत, की ऐकलंत?

मी: ऐकलं.

वकील: म्हणजे दिसून आलेलं नाही. बरं. कुठून ऐकलंत?

मी: माझ्या खोलीतून. दार उघडं होतं.

वकील: म्हणजे चोरून.

मी: चोरून कसं? मी प्रमुख आहे!

वकील: प्रभारी.

तेवढ्यात मशीननं कपडे पिळायला घेतले. घरघर वाढली, भिंत थरथरायला लागली, टॉवेल दिसेनासा झाला. मला ओरडावं लागलं. सगळा जोर एकवटून मी ओरडलो, “तुम्ही प्रत्येक गोष्टीत वाद घालता!” आणि नेमकं त्याच क्षणी फेरी संपून मशीन क्षणभर थांबलं. मजल्यावरचे सगळे फोनसुद्धा थांबले असावेत.

वकील शांतपणे म्हणाला, “साहेब, आता वाद कोण घालतंय?”

मी माफी मागितली. त्यानं ती मोठ्या मनानं, पण विचारांती स्वीकारली. बाहेर पडताना तो खूश होता. नियमाचा निम्मा भाग पाळला गेला.

गुरुवारी मौनी. कुठलीच पद्धत न वापरता मी म्हटलं, “तुम्ही फोनवर काही बोलतच नाही.”

मौनी गप्प.

“म्हणजे शांतपणा चांगलाच आहे. पण ग्राहकाला काहीतरी उत्तर हवं ना?”

मौनी गप्प. टॉवेल फिरत होता.

“आता तुम्ही म्हणाल, साहेब, तुम्ही तरी कुठं उत्तरं देता? बरोबर आहे. पण माझी परिस्थिती वेगळी आहे. पाटीवर प्रभारी लिहिलेलं असताना माणसानं ठामपणे काय बोलायचं? सासरे दर रविवारी विचारतात, झालात का पक्के? मी म्हणतो, होतंय. होतंय म्हणजे काय, ते म्हणतात, वळण आहे की घाट?” असं बरंच. लहानपणी वर्गाचा मॉनिटर व्हायचं राहिलं, तेही निघालं. शेवटी मी म्हटलं, “आहात ना?”

मौनी म्हणाला, “आहे.”

इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. दारात वळून मी त्याला विचारलं, “तुम्ही जेवलात का?”

जागेवर येऊन बसल्यावर लक्षात आलं. माझी तक्रार बंद झाली होती. समाधानी.

*या परिच्छेदानंतर येणाऱ्या अडथळ्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.*

शुक्रवारी बाई स्वतः आल्या. चपला पचपच. आम्हा चौघांना चाचणीच्या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, “अभिप्राय दिले ना? मग आता माझ्यासमोर एकदा थोडक्यात सांगा, आणि तुम्ही तिघं मान्य आहे म्हणा. मला वर कळवायचंय.”

मी उभा राहिलो. आठवडाभर साठलेलं होतं. भूल नाही, रस्ता नाही, मी थेट सुरुवात केली. “तुमच्यापैकी एकही जण तक्रार सोडवत नाही. मला याचा फार त्रास होतोय.”

काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मी मात्र ओळखलं नव्हतं. ‘त्रास’ हा शब्द कानावर पडताच तिघांच्याही पाठीचे कणे ताठ झाले, माना किंचित कलल्या आणि मावशींच्या तोंडून तो मधाळ आवाज आला.

“आपल्या भावना आम्ही समजू शकतो. कधीपासून होतोय हो हा त्रास?”

“कधीपासून म्हणजे? पहिल्या दिवसापासून!”

“अरे देवा! आणि इतके दिवस एकट्यानं सोसलंत? खरं सांगू, तुमच्या जागी मी असते ना, तर हा विभाग घेतलाच नसता.”

“त्रास होतो, याला साक्षीदार?” वकील म्हणाला.

मी मौनीकडं पाहिलं. तो माझ्याकडं अपार सहानुभूतीनं बघत गप्प बसला होता.

माणसाच्या संयमाला अंत असतो. मी टेबलावर हात आपटला आणि ओरडलो, “तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही! मला तुमच्या वरच्यांशी बोलायचंय!”

मावशी हळूच म्हणाल्या, “साहेब, वरचे म्हणजे तुम्हीच.”

“प्रभारी,” वकील म्हणाला.

मला वाटलं, आता बाई उठतील, वर जातील आणि सोमवारी माझ्या खुर्चीत बाहेरून आणलेला माणूस बसलेला असेल. पण बाई उठल्या नाहीत. त्या मावशींकडं टक लावून बघत होत्या.

“हा आवाज,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच का त्या? माझं मशीन पिळायला लागलं की उड्या मारत सरकतं, नळी निसटते, घरभर पाणी होतं, म्हणून मी फोन केला होता. तुम्ही माझ्याशी इतकं छान बोललात की मी रडले.”

मावशींनी हात छातीशी नेला. “त्या तुम्ही? आणि नणंदेचं काय झालं हो पुढं?”

“मग पुन्हा फोन केला, तेव्हा एका माणसानं माझ्याकडून कबूल करून घेतलं की मशीन जागेवरच आहे, माझं घर उताराचं आहे.”

वकील खिडकीकडं बघायला लागला.

“तिसऱ्यांदा केला, तर पलीकडून कुणी बोललंच नाही. मीच माझं सगळं सांगितलं, बरं वाटलं आणि फोन ठेवला.”

“आहे,” मौनी म्हणाला. बहुधा सवयीनं.

“प्रत्येक वेळी फोन ठेवताना मी समाधानी होते,” बाईंचा आवाज चढला, “आणि मशीन आज सकाळी न्हाणीघराच्या दारापर्यंत आलंय! तुम्ही माझी काळजी घेतलीत हो. मशीनकडं एकाही माणसानं बघितलं नाही!”

मी बाईंकडं बघत राहिलो. आठवडाभर मी या तिघांची किती काळजी घेतली होती! एकीला भूल दिली, एकाच्या शेजारी बसलो, एकापाशी मन मोकळं केलं. चूक बाकी न्हाणीघराच्या दारापर्यंत सरकली होती.

“बाई,” मी म्हणालो, “संध्याकाळी आम्ही चौघं तुमच्या घरी येतो.”

“कारागीर पाठवा की. चौघं कशाला?”

“कारागीर पाठवायचा तर तक्रार नोंदवावी लागेल. आणि तक्रार,” मी तिघांकडं पाहिलं, “यांच्याकडं नोंदवावी लागेल.”

बाईंना ते पटलं.

*आपला कॉल योग्य विभागाकडे वळवत आहोत.*

न्हाणीघर एवढंसं. त्यात एक मशीन, आम्ही चौघं आणि दारात बाई. पाणी बाहेर जाऊ नये म्हणून बाईंनी दार ओढून घेतलं आणि फटीतून बघत राहिल्या. मशीन आडवं येऊन उभं होतं, बाहेर फिरायला निघालेल्याला कुणीतरी हटकावं तसं. ते पुढं ओढून मागची बाजू बघायची होती.

“किती दिवस एकटी सोसत होतीस गं,” मावशी मशीनला म्हणाल्या की बाईंना, कळलं नाही.

“मावशी, बोलू नका, धरा!” मी म्हणालो.

मावशींनी धरलं. आणि काय धरलं! अर्धं मशीन त्यांनी एकट्यांनी उचललं.

“उतार मोजून घेतल्याशिवाय,” वकिलानं सुरुवात केली, “आपण असं म्हणू शकत नाही की...”

“वकील, आधी बघा, मग भांडा! मागं डोकं घाला!”

त्यानं डोकं घातलं. आतून दबक्या आवाजात, “साहेब, इथं चार लांब बोल्ट आहेत.”

ते बोल्ट मला ठाऊक होते. मशीन ट्रकमधून नेताना आतलं पिंप हलू नये म्हणून ते लावतात. घरी बसवताना काढायचे असतात. बसवणाऱ्यानं काढलेच नव्हते. बिचारं पिंप इतके दिवस बांधलेल्या हातापायांनी नाचत होतं.

मी पाना घेतला आणि मशीनच्या मागं हात घातला. फिरवला. पाना घसरला. पुन्हा फिरवला. पुन्हा घसरला. मौनी माझ्या शेजारी वाकून, अपार सहानुभूतीनं बघत होता.

“अहो, काही चुकत असेल तर बोला ना!” मी ओरडलो. “गप्प बसून माझा बोल्ट निघणार आहे का?”

मौनीनं घसा साफ केला. तो आवाज आम्ही कुणीच कधी ऐकला नव्हता.

“साहेब, पाना उलटा धरलाय. आणि तुम्ही घट्ट करताय. मघापासून.”

मी पाना उलटा केला, दुसरीकडं फिरवला. पहिला बोल्ट निघाला, मग बाकीचे. मशीन भिंतीशी लावलं, कपडे टाकले आणि चालू केलं. ते पिळण्यापर्यंत येईतो आम्ही सगळे भिंतीला टेकून, समोर गोल काचेकडं बघत उभे होतो. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. सासरे असते तर खूश झाले असते.

मशीननं पिळायला घेतलं. जागचं हललं नाही.

बाईंनी दार उघडलं. आम्ही चौघं चिंब, मावशींचे केस विस्कटलेले, वकिलाच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि चौघांच्याही चेहऱ्यावर असं हसू, जणू ते मशीन आम्हीच जन्माला घातलंय.

“खोली बंद होती,” बाई म्हणाल्या. “चूक सांगितली. तिघांनी जागच्या जागी सुधारली. आत गेलात त्यापेक्षा बाहेर येताना खूश आहात.” मग माझ्याकडं बघून, “तुम्हालाही एक अभिप्राय मिळाला की. तो मान्य आहे ना?”

“मनापासून,” मी म्हणालो. पाना अजून हातात होता. मी तो हळूच पाठीमागं नेला.

सोमवारी रंगारी आला आणि त्यानं पाटीवरचं ‘प्रभारी’ खरवडलं. आता उजवीकडं ‘विभागप्रमुख’ आहे आणि डावीकडं मोकळी जागा. वकील म्हणाला, शब्द मध्यभागी नाही. मी म्हटलं, आधी बघा, मग भांडा. तो म्हणाला, बघूनच बोलतोय. सुधारणा झाली की ती अशी होते. मावशी आता ग्राहकाला म्हणतात, “थांब, आधी मशीनचं बोलू, मग तुझं.” मौनी रोज एक वाक्य बोलतो. लोक घाबरून लगेच ऐकतात. वरचे साहेब म्हणाले, लोक आता एकदाच समाधानी होतात. मी कोटाच्या खिशात हात घालून ऐकत होतो.

ही बातमी मी दुपारीच फोनवर कळवली होती. घरी पोचलो, तर बायको दारातच उभी होती. चहा तयार होता. खुर्चीवरचे कपडे उचललेले होते.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “मला माहीतच होतं. तू ना, खरंच फार गुणी माणूस आहेस. किती शांत, किती समंजस. माणसं कशी सांभाळावीत ते तुझ्याकडून शिकावं.”

मी पिशवी खाली ठेवली.

“काय फोडलंस?”

“फोडलं काहीच नाही,” ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि समोर भिंतीकडं बघत म्हणाली, “बाबा येतायत. राहायला. म्हणाले, जावई पक्का झाला, आता त्याला मोटार शिकवायला हरकत नाही.”